बंदुकीला लावलेलं खोबरेल

बाबा, तू असतास तर तुला एकच विचारलं असतं. तेल लावल्यानं औजार बिघडतं कसं?

मी आता रोह्याला असते. पोरीचा बाप कंपनीत शिफ्टला जातो नि मी नदीकाठच्या रिसॉर्टवर. तिथं पेंटबॉल खेळतात. मोठाली माणसं तोंडावर मुखवटा चढवून एकमेकांना रंगाच्या गोळ्या मारतात नि हसतात. तुला खोटं वाटेल. त्या बंदुका साफ करायचं काम माझं. घरी कोण नाय, म्हणून पोरीला संगती नेते. चार वर्षांची हाय.

बंदुका घ्यायच्या होत्या तेव्हा रिसॉर्टच्या सरांनी टेबलावर दोन ठेवल्या, म्हणाले, "साफ तू करणार, तूच सांग." एक झकपक, बॅटरीवाली. दुसरी साधी, हलकी, दोन खिळे ओढले की हातानं खुलते. मी साधी सांगितली. नवख्या माणसाचा हात दुखत नाय नि आत काय अडकलं तर मला दिसतं. सर हसले, "गावठी इंजिनियर!" तशा आठ आणल्या. मग शिकवलं. आधी गोळ्यांचा डबा काढायचा, गॅसची बाटली सोडवायची, उरलेला गॅस मोकळ्या जागेत सोडायचा, मगच खोलायची. नळीत फडकं फिरवायचं. तेल त्यांनी दिलेल्या बारक्या बाटलीतलंच, दोन थेंब.

दसरा आला नि मला वडखळची खाडी आठवली. तू मिठागरातली मीठ ओढायची फळी धुऊन पाटावर ठेवतोस, दांड्याला खोबरेल चोळतोस, हळद-कुंकू लावतोस. मी चिखलाच्या हातानं फूल ठेवते तर तू ओरडतोस, "हात धू गो आधी! हिच्यावरच भात शिजतो आपला." म्हणून मी आठही बंदुका पुसल्या, कुंकू लावलं, फूल ठेवलं, खोबरेल लावलं. वरून लावलं नि आत पण ओतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी एक चालवून बघितली. बोट काढलं तरी गोळ्या सुटतच राहिल्या. सर दचकले, हात फिरला. पोरगी जाळीच्या अलीकडं, आमच्याच बाजूला उभी, तोंडावर मुखवटा नाय. गोळी तिच्या बाजूच्या खांबावर फुटली. पिवळा रंग तिच्या गालावर उडाला नि ती टाळ्या वाजवायला लागली. गोळी फुटली तिथून तिचा डोळा वीतभर लांब होता, बाबा.

सर म्हणाले, "ही एकच खराब निघाली. बाकीच्या रविवारी शाळेच्या पोरांना देऊ."

बोलले तर काम जाणार. नाय बोलले तर कुणाच्या तरी पोराचा डोळा. शेवटी म्हटलं, "सर, सगळ्यांना लावलंय."

"काय लावलंय?"

"खोबरेल."

"अगं बाई, बंदूक हाय का वेणी?"

त्यांनी खोलून दाखवली. गॅसनं आतलं लोखंड गार पडतं, खोबरेल थिजतं. आत पांढरं, त्यात कुंकू चिकटलेलं. आतला दट्ट्या नीट सरकत नव्हता, म्हणून गोळ्या थांबत नव्हत्या. आठही बाजूला ठेवल्या, रविवारचा खेळ बंद केला. माझं काय, ते सोमवारी सांगणार हायेत. पोरीला परत आणायची नाय, हे तेव्हाच सांगितलं. मग तिला ठेवू कुठं? नि मी खरं बोलले ते बरं केलं का येडेपणा केला, ते पण कळत नाय. तुझी फळी त्याच तेलानं किती वर्षं टिकली.

हे लिहून कुणाकडं देऊ? आईला वाचून दाखवायची पण हिंमत नाय. कारण सरांनी विचारलं, "आत तेल ओतायला कोणी शिकवलं तुला?" तर मी म्हटलं, माझ्या बाबानं. तू कधी तसं शिकवलं नव्हतंस. तू दांड्यालाच चोळायचास. सरांच्या दोन थेंबांनी काय भागतंय, असं मलाच वाटलं होतं. तरी नाव तुझं घेतलं. तू काय नाय म्हणायला येणार नव्हतास.