जुन्या फोमची खुर्ची

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकटीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आई एकदा तुझ्याबद्दल म्हणाली होती, की ही आधी सगळ्यांना वाढेल आणि मगच आपला हात भाजल्याचं सांगेल. काल फोनवर तू तेच केलंस. माझ्या लेकीच्या परीक्षेची चौकशी केलीस, भावोजींच्या घोरण्यावरून हसवलंस आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, की गळ्यातली गाठ थायरॉइडच्या कॅन्सरची निघाली, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.

मग मी वाचत सुटले. जुन्या सोफ्यांच्या फोममध्ये, त्याने चटकन पेट घेऊ नये म्हणून, रसायनं घालत. ती हळूहळू धुळीत उतरतात. धूळ हाताला, हात तोंडाला. या कॅन्सरशी त्यांचा संबंध असावा, असं काही अभ्यासांत दिसलंय. छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण तुझं सोफादुरुस्तीचं दुकान डोळ्यांपुढून हलेना. उसवलेल्या फोमच्या ढिगावर बैठक मारून तू डबा खातेस! आता मास्क, हातमोजे आणि जेवणाआधी साबण. नाही ऐकलंस तर मी गल्ल्यावर येऊन बसेन, आणि मी बसले की गिऱ्हाईक पळतं, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या लोभाची जुनी हक्कदार,
धाकटी

दि. ६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गाठ गेली, मी आहे. आवाज तेवढा बसलाय. तुझे भावोजी म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना एक वाक्य पूर्ण करता आलं.

डॉक्टरीणबाईंना तू लिहिलेलं सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, एका माणसाच्या बाबतीत कारणावर बोट ठेवता येत नाही, पण ती धूळ टाळणं केव्हाही बरं. गाठ लहान होती, पूर्ण निघाली. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि अधूनमधून तपासणी. तेव्हा रडणं आवर.

दुकानात मास्क आला. काल एकाने विचारलं, सोफ्याचं ऑपरेशन किती वेळ चालेल.

आता तुझी पाळी. तुझ्या लग्नात मी दिलेली आरामखुर्ची, जिच्यात बसून तू बहुधा हे वाचते आहेस, तिच्यात मी जुन्या सोफ्यांच्या फोमचे तुकडे भरले होते. तेव्हा कुणाला काय माहीत! पाठवून दे. सगळं काढून नवा कापूस भरते. रुसायचं नाही.

माया आहेच, ती मुरू दे.
ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो, खुर्चीतच होते. चटका बसल्यासारखी उठले आणि समोर जमिनीवर जाऊन बसले. लेक म्हणाली, तुझं आणि खुर्चीचं भांडण झालंय का. तिला दूध पाजलं ते याच खुर्चीत. उजव्या हाताखालचा तुझा वेडावाकडा टाका माझ्या बोटांना पाठ आहे.

तरी ती मी तुझ्याकडे पाठवत नाही. पाठवली, की तू उसवणार. तुझा हात पुन्हा त्या चुऱ्यात जाणार असेल, तर मला तो टाकाही नको.

कचरा नेणारी गाडी रविवारी येते. अख्खी खुर्ची, न उघडता, चादरीत गुंडाळून देऊन टाकू? तुझ्या हातची आहे, विचारल्याशिवाय टाकवत नाही. तू म्हणशील, लाकूड चांगलं आहे, मास्क आहे, हातमोजे आहेत, वेडी आहेस का. सगळं माहीत आहे. तरी विचारते.

लोभ आहेच, या वेळी होकारही असावा.
तुझी धाकटी