गोणपाटाचा वास

१० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खोलीच्या खिडकीतून बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसते. हल्ली तिच्याशीच बोलतो. ती तुझ्यासारखी उलटून बोलत नाही, एवढंच.

मासळीचा दर्जा सुधारायचा दोन देशांचा करार झाला आणि आपल्या मच्छीमार संस्थेने मला इथे परदेशात धाडलं, तेव्हा वाटलं होतं, यंत्रं शिकवतील. इथे शिकवतात वास घ्यायला! आम्ही पाचजण पेट्या हुंगतो. पेटीवर नुसता आकडा. माल कुणाचा ते सांगत नाहीत. चांगल्या मासळीला वास जवळजवळ नसतोच, असं शिकवणाऱ्या बाई म्हणतात. आम्हाला सुगंधी साबण बंद, उदबत्तीही बंद. देवापुढे नुसते हात जोडतो. त्याला चालत असावं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बारक्या

२ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पन्नाशीला टेकलास आणि काम काय, तर हुंगायचं! लहानपणी माझ्या हातचं जेवण हुंगून बाजूला सारायचास, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आमच्या मासळी भरायच्या शेडच्या पहिल्या पेट्या काल तिकडे निघाल्या. बर्फावर घालायची गोणपाटं मी घरी आणून उकळत्या पाण्यात धुतली. ऊन नव्हतं, म्हणून चुलीवर टांगून खडखडीत वाळवली. आपल्या मालाला कुणी नाव ठेवायला नको. सगळ्या बायकांचं काम त्यावर आहे.

अजून हात दोन ताटं काढतो. एक परत ठेवते.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र पेट्यांच्या मागून आलं.

त्या दिवशी एका पेटीचं झाकण उघडलं आणि मी मनाने आपल्या घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो. धूर, गोणपाट, तू. नाक बाहेर काढवेना. शेजारचा म्हणाला, झोप लागली की काय. दोघं माल चांगला म्हणत होते, दोघं नाही. माझ्यावर येऊन अडलं. मासळीला धुराचा वास होता, ताई. मी नापास केली. संध्याकाळी देवापुढे उभा राहिलो, पण काय मागावं ते सुचेना.

बाई म्हणतात, आणखी एकदा पाठवा. पुन्हा नापास झाली, तर तुमच्या शेडकडून घेणं बंद. गोणपाट घालू नकोस. इथल्या लोकांनी दिलेलं प्लास्टिकच घाल.

रागावलीस तरी लिही.
बारक्या

४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला बोलू. बायकांनी विचारलं, नापास कुणी केलं? म्हटलं, आमच्याच दिवट्याने. मग त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही. माझ्या घराला असा वास आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तू इथे होतास, तेव्हा तूही त्याच वासाचा होतास.

नव्या पेट्या निघाल्या. गोणपाट घातलेलं नाही. ते घडी करून तुझ्या खाटेवर ठेवलं आहे.

जेवत जा.
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

पेट्या पास झाल्या. पाचही जणांनी एकमताने पास केल्या. शेडचं काम पक्कं झालं, बायकांना सांग.

यावेळी पेटी कुणाची, ते मला ओळखता आलं नाही. बाईंनी मागाहून सांगितलं. मी पुन्हा जाऊन झाकण उघडलं. कितीतरी वेळ हुंगत राहिलो. काहीच नव्हतं. बाईंनी शाबासकी दिली आणि मी खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

एक मागतो. पुढचं पत्र टाकण्याआधी रात्रभर त्या गोणपाटात गुंडाळून ठेव. मजकूर थोडा असला तरी चालेल.

तुझाच
बारक्या