टेकडीवरचा डबा

४ जानेवारी, रविवार

सापडला! पहिला डबा! वाचनालयाच्या मागच्या भिंतीला जो पाइप उतरतो, त्याच्या आड. गोळ्यांच्या डबीएवढाच. आत गुंडाळलेली कागदाची पट्टी आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत चाळीसेक नावं. एक्केचाळिसावं माझं – अक्कलदाढ! दिवसभर लोकांच्या कवळ्या करणाऱ्या बाईने दुसरं काय नाव घ्यावं?

डॉक्टर म्हणाले होते, शुगर वाढलीय, चाला. नुसतं चालणं मला जमत नाही, चार दिवसांत कंटाळते. म्हणून भाचीने हे जिओकॅशिंग फोनमध्ये घालून दिलं. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकतं. बाकीच्यांनी शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथे ठेवायचा. बस्स. बक्षीस नाही, काही नाही.

हे म्हणाले, "डबेच हवे होते तर स्वयंपाकघरात बावीस आहेत. त्यातल्या नऊंना झाकण नाही. ती शोध."

११ जानेवारी, रविवार

आठवड्यात तीन सापडले. आज मात्र हात हलवत परत. जुन्या पाण्याच्या टाकीची टेकडी – एकशे बारा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. वर टाकी, दोन बाक, एक वाकलेलं झाड. अ‍ॅपवर मालकाने सूचना लिहिलीय – "थकलात की बसा." ही काय सूचना झाली? दगडांच्या फटी, झाडाची ढोली, टाकीचा पाया, सगळं चाचपलं. बोटं सोलवटली. उद्या कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर कालवताना चुरचुरणार.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी टेकडी – परत नाही.

परतताना बस डेपोजवळच्या डब्यापाशी एक गृहस्थ भेटले. निवृत्त बस ड्रायव्हर. तीन हजारांवर डबे शोधलेत! सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मला म्हणाले, "ताई, डोळ्यांनी नका शोधू, हातांनी शोधा. आणि चोरासारखं इकडंतिकडं बघू नका, मग लोक बघतात." खूप हसलो. मग मी टेकडीवरच्या डब्याचं विचारलं. त्यांचं हसू गेलं. "तो राहू द्या. दुसरे पुष्कळ आहेत."

म्हणजे? मला झेपणार नाही असं म्हणायचं होतं की काय?

२५ जानेवारी, रविवार

टेकडी. नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आठवडाच वाईट. एकाच म्हातारबाबांची कवळी तिसऱ्यांदा परत आली. दंतवैद्य फोनवर ओरडले – "पेशंटला टोचतंय! तुमचं लक्ष कुठे असतं?" माप त्यांनीच चुकीचं घेतलेलं. बोलले नाही. कामं तेच देतात.

आज चौथ्यांदा टेकडी चढले. नाही सापडला. घरी आले, चप्पलसुद्धा काढली नाही, सरळ तक्रार लिहिली – "डबा जागेवर नाही. मालकाला काडीची पर्वा नाही. नवशिक्यांचा वेळ फुकट घालवण्यापेक्षा हे पान बंद करा." तक्रारीखाली आपलं नाव कोणाला दिसत नाही. किती हलकं वाटलं!

९ फेब्रुवारी, सोमवार

पान बंद! ऐकलं माझं! "मालकाकडून उत्तर न आल्याने काढून टाकण्यात येत आहे." अशांना असंच हवं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू.

टेकडीवर गेले होते, नुसतीच, चालायला म्हणून. शोधायचं काही नव्हतं, म्हणून वरच्या बाकावर बसले. चार खेपांत एकदाही बसले नव्हते मी. उठताना आधाराला बाकाच्या कडेखाली हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. पत्र्याचा चपटा डबा, चुंबकाने चिकटवलेला. थकलात की बसा!

आत वही. अकरा वर्षांची. शेकडो नावं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी मालकाच्या सुबक, शाळेतल्या फळ्यावर असावं तशा अक्षरात एक ओळ. "डबा कोरडा आहे." "वहीला नवं कव्हर घातलं." शेवटची सत्तावीस डिसेंबरची – "पेन्सिलीला टोक केलं. आज वारा छान आहे."

आणि मी लिहिलं, काडीची पर्वा नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जेवणाच्या सुट्टीत उस्तादांना फोन केला. डबा मिळाला म्हटलं, मालक कोण?

मालक म्हणजे भूगोलाच्या एक निवृत्त बाई. वय चौऱ्याहत्तर, एकट्याच राहतात. सत्तावीस डिसेंबरला पेन्सिलीला टोक करून उतरताना पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. दीड तास पायरीवर पडून होत्या. दीड महिना दवाखान्यात. अ‍ॅपवरचे निरोप बघणार कोण? घरी आल्या तेव्हा पान गेलेलं.

"तुम्ही त्यांचे मित्र ना? डबा नेऊन द्या ना त्यांना," मी म्हटलं.

"मला दारात उभं करत नाही ती. तक्रार मी केली असं वाटतं तिला."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. खरंच आलं होतं. पण म्हटलं काय – "अरेरे!"

अरेरे!

२२ फेब्रुवारी, रविवार

उस्तादांकडून पत्ता घेतला आणि डबा घेऊन बाईंकडे गेले. सगळं सांगायचंच, असं ठरवून.

तिसरा मजला. बाईंनी वॉकर धरून दार उघडलं. माझ्या हातात डबा बघितला आणि तो छातीशीच धरला. "अगं, कोण तू? कुठे मिळाला? मला वाटलं फेकून दिला असेल कोणी!" चहा करू दिला नाही मला. स्वतः केला, वॉकरला कप अडकवायची पिशवी शिवून घेतलीय. भिंतीवर नकाशेच नकाशे. डबा पुसला, वही पानापानाने चाळली. कोण कुठून आलं होतं, सगळं तोंडपाठ. म्हणाल्या, "कोणी सही करून अ‍ॅपवर कळवलं की फोन टिंग करायचा. दिवसातून एकदा टिंग झालं की पुरे व्हायचं मला."

मग सुरू झाल्या. "तो बसवाला! अकरा वर्षं माझ्या हातचा चहा प्यायला. 'बास झालं आता, वय बघ' असं सारखं टुमणं. मी दवाखान्यात पडलेली बघून डाव साधला. असल्या माणसाला काय म्हणावं?"

मी म्हटलं, "माणसं अशीच असतात, बाई."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडाने.

१ मार्च, रविवार

बाईंकडे गेले. आज सांगणार होते. उद्या कामं फार आहेत म्हणून लवकर निघाले.

८ मार्च, रविवार

बाई वॉकर सोडून काठीवर आल्यात. खोलीत येरझारा मोजतात. पान परत उघडता येतं म्हणे, पण मालकाने स्वतः जागेवर जाऊन डबा ठेवावा लागतो. "चढेन मी. एप्रिलपर्यंत चढेन बघ." मी म्हटलं, मी ठेवते तुमच्या वतीने. "छे! खोटं बोलायचं अ‍ॅपशी?"

मी बिस्किट चहात बुडवलं.

मग पुन्हा तक्रार करणाऱ्यावर गाडी. त्याच्या हाताला डबाच सापडू नये, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, सापडला तर झाकणात बोट अडकू दे. इतक्या हसल्या की काठी पडली. काठी उचलून देताना त्यांच्याकडे बघवेना.

१५ मार्च, रविवार

ह्यांना सांगितलं शेवटी. शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, "कवळी टोचत असली तर लगेच घासावी लागते, असं तूच सांगतेस ना लोकांना? नाहीतर जखम होते."

संध्याकाळी बाईंकडे गेले. जागतिक वाऱ्यांवर बोललो. बाकी काही नाही.

२२ मार्च, रविवार

कालव्याच्या पुलाखालच्या डब्यापाशी उस्ताद भेटले. वाळलेत. दाढीची खुंटं. डबा मी शोधायच्या आधीच म्हणाले, "कशी आहे ती?" काठीवर आल्या म्हटलं. "जेवते का नीट? औषधं?" हो हो म्हटलं. "डाव्या कुशीवर झोपू नको म्हणावं." आणि लगेच, "नको. माझं नाव काढलं की बंद करेल तेही."

ज्या घरात मी बसून बिस्किटं खाते, त्या घराची चौकशी हा माणूस पुलाखाली उभा राहून करतो. माझ्या जागी तो असायला हवा. त्याच्या जागी मी.

आता पुरे.

२९ मार्च, रविवार

सांगितलं.

चपला काढायच्या आधी, दारातच. बसले असते तर पुन्हा चहा आला असता. "बाई, तक्रार मी केली होती. उस्तादांनी नाही. मला डबा सापडत नव्हता, राग दुसऱ्याच कोणाचा होता. मी बाकावर बसलेच नव्हते."

बाईंनी आधी हसून बघितलं. थट्टा वाटली असेल. मग काठी भिंतीला टेकवली, खुर्चीत बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

"डब्याचं राहू दे," म्हणाल्या. "रागात होतं तसं. पण पाच रविवार माझ्यासमोर बसून त्या माणसाला शिव्या घालत होतात. माझ्यापेक्षा जास्त. तो किती चांगला आहे हे मला माहीत होतं हो, म्हणून तर इतकं लागलं होतं. आणि तुम्ही ऐकत बसलात."

होतात. तुम्ही. पहिल्या दिवसापासून 'अगं तू' होते मी.

"माफ करा," म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती 'बरं' अशी नव्हती. "दार ओढून घ्या जाताना. मला उठायला वेळ लागतो."

पायऱ्या उतरताना आतून फोनचे आकडे दाबल्याचे आवाज आले. मोठ्या आवाजाचा फोन आहे त्यांचा.

३० मार्च, सोमवार

दोन कवळ्यांचे दात उलटे लावले. पुन्हा पहिल्यापासून.

५ एप्रिल, रविवार

सवयीने चार वाजता साडी बदलली. मग लक्षात आलं. हे म्हणाले, "चल, मी येतो शोधायला." मंडईमागचा एक सोपा डबा शोधला. ह्यांनाच सापडला. लहान मुलासारखे खूश. सही करायला टोपणनाव हवं म्हणून पाऊण तास विचार! मलाही हसू आलं. मग घरी येऊन रडले थोडी.

पहिल्या दिवशी फोनवर 'अरेरे'ऐवजी दुसरे दोन शब्द बोलले असते तर आज ते दोघं आणि मी, तिघं त्या नकाशांखाली बसलो असतो. दोनच शब्द – मी केलं.

१२ एप्रिल, रविवार

उस्ताद घरी आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. बाईंकडूनच येत होते. रोज जातात आता. मला बरं वाटलं, तसं म्हटलं. ते पाण्याचा पेला हातात धरून बसले.

"तक्रार मीच केली होती, ताई. तुमच्या आधी तीन आठवडे. पान माझ्या तक्रारीवरून बंद झालं. तुमची त्यांनी वाचलीसुद्धा नसेल." पेला खाली ठेवला. "दीड तास पडून होती ती पायरीवर. पान चालू राहिलं असतं तर हाड जुळल्या जुळल्या पुन्हा चढली असती. आणि तुम्ही तिला सांगितलंत त्या दिवशी तिचा फोन आला. रडत होती. माझी माफी मागत होती. माझी जीभच उचलेना. आज सांगतो तिला. दोष तुमच्यावर का म्हणून?"

मी म्हटलं, "नका सांगू. राहू दे माझ्याच नावावर."