अकरावी पिशवी

२७ सप्टेंबर २००३
मंठ्यात आले, कामावर रुजू झाले, खूश आहे! तातेरावांच्या बियाणे कंपनीत मी एकटीच कॉम्प्युटरवाली. मशीन लिनक्सचं. आत दोन हार्डडिस्क: पहिलीवर सिस्टिम, दुसरीवर कोणत्या लॉटची पिशवी कोणी नेली त्याच्या नोंदी. आल्या आल्या मी कागदी रजिस्टर बंद करायला लावलं. बराबर हाय, तुम्ही शिकलेल्या, असं तातेराव म्हणाले. ज्वारीच्या पेरणीची गर्दी आहे, पण चहा फर्मास मिळतो.

४ ऑक्टोबर
खंडेनवमी. गोदामाचे मुकादम कडूबा म्हणाले, नुसत्या डब्याला कुंकू लावून काय होतंय, हत्यार खोलून पुसावं लागतं. मीही हौशी! मशीन खोललं, दोन्ही डिस्क ताटात ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, पेढा खाल्ला आणि परत जोडल्या.

५ ऑक्टोबर
दसरा. मशीन सुरू होईना. सिस्टिमच सापडत नाही म्हणे. सीडी घालून पहिल्या डिस्कवर लिनक्स नव्याने चढवलं. नोंदी दुसरीवर आहेत, त्यांना धक्का नाही. झालं सुरू! कडूबा सोनं द्यायला आले तेव्हा मी ऐटीत बसले होते.

६ ऑक्टोबर
सकाळीच तातेराव धापा टाकत आले. लॉट सतराला विषारी दवा लावली, पण कुणी खाऊ नये म्हणून देतात तो गुलाबी रंग संपलेला, म्हणून ज्वारी तशीच पांढरी विकली गेली. पेरून उरलेले दाणे खाऊन एका गावात दोन शेळ्या मेल्या. माणसांनी दळून खाल्ली तर? अकरा पिशव्या हायत, जल्दी नावं काढा, म्हणाले.
दुसरी डिस्क उघडली. तिच्यावर नोंदी नाहीत. जुनी सिस्टिम आहे.
केबली मी उलट जोडल्या होत्या. काल पुसली ती नोंदींचीच डिस्क. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर माणसं जातील.

७ ऑक्टोबर, सकाळी
 पुसलेली डिस्क कणाकणाने चाळतेय. अर्धीमुर्धी नावं निघतात. सात मिळाली. कडूबा जीप घेऊन गावोगाव फिरतायत. माझ्या हातांनी हे—

सव्वाअकरा
नऊ. दहा. दहाव्या घरी पीठ मळलेलं होतं, कडूबांनी परात उपडी केली. अकरावी मिळत नाही. नाही मिळत—

बारा
सापडली! रामकिसन— आडनाव गेलंय, फोन नंबर शाबूत आहे. लावला. त्यांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी घेतला. उरलेली ज्वारी कालच दळली म्हणाल्या. सोयाबीन सोंगणाऱ्या नऊ बाया ओसरीवर जेवून राह्यल्या. उठवा त्यांना, मी ओरडले. त्या म्हणाल्या, अन्नावरून माणूस उठवत न्हाईत बाई, पाप लागतं, जेवू द्या, मंग बोलू. मी विष म्हणायच्या आत त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला.
ओरडतेय. ऐकत नाहीत. लिहिलं नाही तर वेड लागेल. मागे बाया हसतायत. कुणीतरी अजून भाकरी मागतंय—
द्वारकाबाई! द्वारका—
हसणं थांबलं—