तुलनेसाठी माझं रक्त

ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतेस ना? ताप येतो म्हणून चुकवू नकोस, बाई.

आमच्या प्रयोगशाळेत तुझ्यासारख्याच मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचं रक्त येतं. आपल्याच नसांच्या जिवावर उठलेल्या त्या पेशी इंटरफेरॉनसोबत ड जीवनसत्त्व घातलं की बऱ्याच निवळतात. तूही डॉक्टरांना विचार.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं, म्हणून परवा मीच दिलं. माझ्या पेशीही तशाच खवळलेल्या निघाल्या. साहेब म्हणाले, "सर्दीनंही होतं, एवढ्यावरून काही ठरत नाही."

मला सर्दी नव्हती.

आईला यातलं काही सांगू नकोस. तुला पहिल्यांदा मुंग्या कोणत्या पायाला आल्या होत्या? डाव्याच ना? सहज विचारते.

तुझे जुने फ्रॉक घालून वाढलेली,
धाकटी