इंजिनाची दवाई

६ जुलै १९३७

आज हाकललं मला. हिंमतरावांनी घाटावर, सगळ्या उतारूंसमोर, माझ्या हातातलं हँडल काढून घेतलं आणि मार्तंडच्या हातात दिलं. पूर्णेवर मोटारबोट आली तेव्हापासून मीच चालवत आलो!

कारण काय, तर दवाई. खामगावच्या कुणा एजंटाने बाटल्यांची पेटी त्यांच्या गळ्यात मारली — पेट्रोलमध्ये रोज बूचभर टाका, इंजिन घोड्यासारखं पळेल. मी म्हणालो, अडलंनडलं तर एखाद वेळ टाकू. रोज नको. कोयनेल ताप आल्यावर घेतात. धडधाकट माणसाला रोज पाजलं तर त्याचे कान जातात. इंजिनही तसंच — चिकटा धरेल, व्हाल्व अडकतील, आणि अडकतील ते नेमके पुरात. पेट्रोल गाळून घालावं, पिलग साफ ठेवावेत. एवढं पुरतं.

हिंमतराव म्हणाले, घाटाचा मक्ता माझा का तुझा? मग मार्तंडला विचारलं, तू टाकशील का रोज?

"हाव मालक, टाकतो ना."

माझ्याकडे न बघता बोलला. ज्याला शेजारी बसवून जेवू घातलं, इंजिन शिकवलं, तो!

७ जुलै

जेवण गेलं नाही. घरात कोकिळा म्हणते, कापसाच्या जिनात काम बघा, तिथंही इंजिनंच असतात. तिला काय सांगू.

१५ जुलै

रोज घाटावर निंबाखाली जाऊन बसतो. लोकांना वाटतं, याची सवय सुटत नाही. मी आवाज ऐकायला बसतो. इंजिन खोकलं की समजायचं, दवाई भिनली. मार्तंड जाता-जाता 'दादा' म्हणाला. मी थुंकलो.

२४ जुलै

इंजिन खोकत नाही. चांगलं चालतं. हिंमतराव मला ऐकू जाईल असं बोलले — पाहा दवाईचा गुण, आणि उद्धव म्हणे व्हाल्व अडकतील! सगळे हसले. मार्तंडही हसला. निदान मला तसं दिसलं.

२५ जुलै

हे हसणं त्यांच्याच घशात घातलं नाही, तर मी नावाचा उद्धव नाही.

२ ऑगस्ट

केलं.

दुपारी मार्तंड भाकर खायला घरी गेला. घाटावर चिटपाखरू नव्हतं. खोपटातल्या पेट्रोलच्या दोन्ही डब्यांत एरंडेल ओतलं. पेट्रोलशी ते नीट मिळत नाही, तळाशी बसतं, नळीत जाऊन चिकटतं. बोट काठावरच अडून बसेल. बाजाराला निघालेले लोक खवळतील. इंजिन उघडून पाहतील तर चिकटाच चिकटा — म्हणजे दवाईच! हिंमतरावांची फजिती, आणि मार्तंडची मान चार लोकांत खाली. कुणाच्या जिवाला काही धोका नाही.

आज खूप दिवसांनी पोटभर जेवलो. कोकिळा बघतच राहिली.

४ ऑगस्ट

काल टाकीतलं जुनंच पेट्रोल चाललं. डब्यातलं आज घातलं.

इंजिन काठावर अडलंच नाही. पहिल्या हँडलला सुरू झालं. वर सातपुड्यात पाऊस झाला असणार; पूर्णा गढूळ होऊन चढत होती. बोट ऐन धारेत गेली आणि इंजिन थांबलं. बाया किंचाळायला लागल्या. बोट वाहत खालच्या बाभळींकडे आली. मी काठाकाठाने धावत सुटलो. मार्तंडने दोर फेकला तो माझ्याच अंगावर.

"दादा, सोडू नको!"

मी बाभळीला वेढा दिला आणि दोर छातीशी आवळून धरला. त्याने एकेका उतारूला दोराला लावून काठाकडे सोडलं. सगळे निघाले. शेवटी तो एकटा उरला. तेवढ्यात वरून एक अख्खं झाड वाहत आलं आणि बोट उलटली.

दोर माझ्या हातात होता. मी सोडला नव्हता.

६ ऑगस्ट

आज सापडला, खालच्या वळणावर. संध्याकाळच्या आत अग्नी दिला.

बोटही तिथेच वाळूत रुतली होती. हिंमतरावांनी इंजिन उघडवलं. नळीत चिकटा. मसणातून परतताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, उद्धव, तू खरा होता, मीच ऐकलं नाही. बोट नीट झाली की तूच चालव. चार माणसं ऐकत होती. महिनाभर मी हेच ऐकण्यासाठी जळत होतो. आता ऐकलं, तर मान हलवून हात सोडवून घेतले.

८ ऑगस्ट

मार्तंडची बायको गीताबाई आली. डोक्यावर पेटी. ओट्यावर उतरवून ठेवली. आत दवाईच्या बाटल्या — बुचांवरची लाखसुद्धा फुटलेली नाही.

म्हणाली, "मालकानं देल्ली का ते घरी आणून ठेवत. दादानं नाही म्हटलं तं एक थेंब टाकायचा नाही, म्हनत. मालकाचा राग उतरला का दादाले परत बोलावू, तवरक जागा धरून ठेवतो, म्हनत."

मग पेटीचं झाकण लावलं.

"दवाई तं टाकलीच नोती, भाऊजी. मंग इंजिन काऊन बंद पडलं?"

कोकिळेने तिला पाणी दिलं आहे. ती अजून ओट्यावरच बसून आहे. मी आत येऊन हे लिहितोय.