बिनदुधाचा चहा

अण्णा, तुमचा दुधाचा चहा मी बंद केला होता, त्याबद्दल लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. बेलापूरच्या आपल्या घरात आता मी एकटीच राहते, शाळेतूनही निवृत्त झाले. तुमचा सगळा जन्म दूध डेअरीत गेला. डेअरीतून घरी आलात की आईच्या हातचा चहा बशीत ओतायचा आणि पहिल्याच घोटाला खोड काढायची, हा तुमचा नेम. ‘आज दुधाला लांबूनच रामराम केलास जनू!’ आणि आई आतून म्हणायची, ‘मग डेअरीतच प्यायचा की.’ परक्याच्या घरी मात्र तुम्ही वेगळेच. कोल्हारला आत्याच्या शेजाऱ्यांकडं एकदा शेळीच्या दुधाचा चहा मिळाला, तो मी वास येतो म्हणून कपात तसाच ठेवला. परत येताना तुम्ही गाडी थांबवून मला झापलंत. ‘लोकाच्या घरचा चहा कसा बी असंना, निमूट प्यायचा आन चांगला झाला म्हनायचं. नाकं मुरडायची ती आपल्या घरी.’ मी रस्ताभर मुसमुसत होते.

आई गेली, आणि पुढं तुम्ही विसरायला लागलात. आधी चष्मा, किल्ल्या, मग गल्ली. एकदा डेअरीतलीच माणसं तुम्हाला घरी सोडायला आली आणि तुम्ही त्यांना विचारत होता, ‘आज दूध का आलं न्हाई?’ मी घाबरले. तेवढ्यात शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी पाठवलं की ग्रीन टीनं मेंदूचं रक्षण होतं, विसराळूपणाचा आजार लांब राहतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. नगरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, ‘खात्रीनं काही सांगता येत नाही. अपाय नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका. त्यांच्या आवडीचं खाऊ-पिऊ द्या.’ मी त्यातलं ‘अपाय नाही’ एवढंच घरी घेऊन आले. साखर, दूध, आलं, सगळं बंद. तुम्हाला शुगर नव्हती, काही नव्हतं. दूधसाखर घातली की गुण जातो असं मीच ठरवलं.

पहिल्या दिवशी तुम्ही कप बघितलात आणि ओरडलात, ‘ह्ये काय, गवात उकळलंय व्हय?’ दुसऱ्या दिवशीही तेच. मी हट्टाला पेटले होते. मग हळूहळू तुमची कुरकुर थांबली. कप दोन्ही हातांनी धरून तुम्ही गप पिऊन टाकायचात आणि म्हणायचात, ‘चांगला झाला, बाई.’ मला केवढा आनंद झाला होता! सवय लागली, गुण येतोय, असं मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले. त्याच सुमाराला तुम्ही विचारायला लागलात, ‘मला घरी कवा सोडनार?’ आपल्याच ओसरीवर बसून! मला वाटलं आजार वाढला, म्हणून मी दुपारचा आणखी एक कप सुरू केला.

मग आत्या आली. मी तिला ग्रीन टीचं महत्त्व सांगितलं तर म्हणाली, ‘आगं, परसात गवती चहा हाय की, हिरवागार. इकत कशाला आनायचा?’ माझं न ऐकता ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं आलं ठेचून दूध घालून चहा उकळला. तुम्ही बशीतनं घोट घेतलात, कपाळाला आठ्या घातल्यात. ‘साखर कुनी खाल्ली? आन पानी किती घातलंय!’ आत्या खळखळून हसली. ‘बघ, आला दादा घरी.’ तुम्ही मान वर करून भिंतीकडं बघितलंत. ‘ह्यो रंग कवा दिला? इचारायचं तरी.’ कितीतरी दिवसांनी तुमचा आवाज घरच्या माणसासारखा लागला. तेव्हा मला कळलं की इतके दिवस तुम्ही माझा चहा परक्याच्या घरी पितात तसा पीत होता. नाव ठेवत नव्हता, कारण तुम्ही पाहुणे होता. आजार चहानं आला नाही की चहानं वाढला नाही, एवढं मलाही समजतं. पण घरात असून तुम्हाला बेघर मी केलं, अण्णा, आणि त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

एवढं कळल्यावर मी काय केलं? आत्या गेल्यावर दुसऱ्या सकाळी पुन्हा ग्रीन टीचीच पिशवी गरम पाण्यात सोडली. दुधाच्या चहावर आले असते तर आता काहीच उपाय उरला नाही हे कबूल करावं लागलं असतं. तुम्ही एक दिवस मला ओळखणार नाही याची मला इतकी धास्ती होती की तुमच्या तोंडाची चव गेली तरी मला चालत होतं. आत्या फोनवर विचारायची, ‘दादाला दुधाचा देतीस न्हवं?’ मी ‘हो’ म्हणायचे. ती अजून आहे, पण हा कागद मी तिलाही दाखवणार नाही.

शेवटच्या दिवसांत तुम्ही कप रिकामा करून माझ्या हातात द्यायचात आणि अदबीनं सांगायचात, ‘बाई, माजी लेक यायची हाय मला न्यायला. मास्तरीन हाय ती. आली की तिला दुधाचा चहा करा, आल्याचा. लई दमून येती.’ मी समोरच उभी असायचे. ‘अण्णा, मीच ती’ असं म्हणून तुम्ही ओळखलं नसतंत तर ते मला सोसलं नसतं. म्हणून मी रोज म्हणायचे, ‘उद्या येतील त्या.’ आणि तुम्ही विश्वास ठेवायचात.